फेटा फेकला, बांधला नाही

माझ्या सासरचे लोक अजूनही चारचौघांत सांगतात की धाकटीच्या लग्नात थोरल्या जावयाला फेटा दिला होता. मी ते दर वेळी दुरुस्त करतो. दिला नव्हता, फेकला होता. देणं आणि फेकणं यात फरक असतो, आणि ज्यांना तो कळत नाही त्यांनी घरात लग्नं काढू नयेत.

मी जुन्या दारं-खिडक्यांचा धंदा करतो. पाडलेल्या घरांच्या सागवानी चौकटी, गज, कड्या-कोयंडे उचलायचे, घासूनपुसून नवीन बंगलेवाल्यांना विकायचे. उरवड्याच्या रस्त्याला माझं पत्र्याचं गोडाऊन आहे. पहिली खिडकी मी डोक्यावरून वाहून नेली होती, आज पिकअप आहे. हे सगळं मी एका गोष्टीवर उभं केलं: घासाघीस करताना आधी उठायचं नाही. समोरचा उठतो, चार पावलं जातो, वळून बघतो. आपण बसून राहायचं. जो आधी हलला तो हरला. या एका गोष्टीनं मला घर दिलं, गोडाऊन दिलं, आणि एकदा भर उन्हात जवळजवळ बुडवलं.

लग्न वैशाखातलं, मुठा खोऱ्यात, सासरच्या घरासमोर. मुहूर्त दुपारी चारचा. मी सकाळपासून राबत होतो. तांदळाची पोती, पातेली, सतरंज्या, सगळं माझ्या पिकअपमधून आलं. त्यामुळे दुपारी माझा सदरा पोत्यासारखा दिसत होता हे मी कबूल करतो.

मंडपाच्या तोंडाशी फेटेवाला बसला होता. शेजारी लांबलचक गुलाबी आणि केशरी कापडांचा गठ्ठा, आणि मेव्हण्याच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या भावाच्या, हातात मानकऱ्यांची यादी. सासऱ्यांना फेटा बांधून झाला. मामांना झाला. नवरदेवाकडच्या झाडून सगळ्यांना झाला. मग डीजेवाल्याला बांधला. डीजेवाल्याला! मग उरलेल्या तुकड्याचा एक छोटा फेटा नवरदेवाच्या घोडीला बांधला. घोडीनं मान हलवून तो दोनदा पाडला, तरी तिसऱ्यांदा बांधला.

घोडीनंतर मी पुढे झालो आणि डोकं वाकवलं. मी सहसा कुणापुढे डोकं वाकवत नाही. फेटेवाल्यानं माझ्या सदऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमी गाडीवालं ना? तुमचं जेवान मागल्या अंगाला हाय."

यादीत माझं नाव नव्हतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, राहून गेलं वो. घरचा मानूस म्हनून ध्यानातच आलं न्हाई."

त्यावर मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. एक खुर्ची पडली. ती मी पाडली नाही, पण माझ्यामुळे पडली. मग मी रुसून बाहेर पडलो.

जावयाचं रुसणं हे आमच्याकडे वेड्यावाकड्या पद्धतीनं करायचं काम नाही. रुसलेला जावई घरी निघून जात नाही. गेला तर त्याला कोण समजावणार? तो मांडवातून दिसेल अशा जागी जाऊन बसतो. पहिल्यांदा बायको येते, तिला नाही म्हणायचं. मग मेव्हणा येतो, त्यालाही नाही म्हणायचं. शेवटी सासरे येतात, हात धरतात, तेव्हा जड पावलांनी उठायचं. पहिल्या हाकेला उठला त्याचा भाव पडला.

मी माझ्या पिकअपमध्ये जाऊन बसलो. पिकअप मंडपामागच्या ओढ्यात लावलेली होती. उन्हाळ्यात त्या ओढ्यात चिमणीला प्यायला पाणी नसतं. पोरं तिथं क्रिकेट खेळतात आणि लग्न असलं की गाड्या लागतात. करंजाखालची सावलीची जागा मी सकाळी एका जीपवाल्याशी भांडून मिळवली होती. काचा वर केल्या, एसी लावला, गाणी लावली. आतला आरसा माझ्या डोक्याकडे वळवला, आणि फेटा कसा दिसला असता ते बघत बसलो. चांगला दिसला असता.

मागे डोंगराच्या अंगाला काळं दाटून आलं होतं. ते मी बसण्याआधी पाहिलं होतं. पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं, आणि माझी तेव्हा अशी समजूत होती की पाऊस जिथं पडतो तिथंच भिजवतो.

रीतीप्रमाणे आधी बायको आली. मी काच चार बोटं खाली केली.

"अहो, उठा की. लोकं बघत्यात."

"बघू दे."

"फेटा नसला म्हनून काय डोकं गळून पडतंय का?"

"घोडीला फेटा हाय."

"घोडीला आज काम हाय," ती म्हणाली. "बसा मग हितंच, लोणच्यागत मुरत."

ती गेली. मी काच वर केली. पहिली फेरी ठीक झाली होती.

पाच-दहा मिनिटांत लाउडस्पीकर खरखरला. इतका मोठा होता की बंद काचेतूनही ऐकू आला. मेव्हण्याचा आवाज होता. "वरच्या वाडीवरनं फोन आलाय. तितं गारांचा पाऊस लई जोरात सुरू हाय. ज्या पाव्हण्यांनी वढ्यात गाड्या लावल्यात त्यांनी ताबडतोब काढून घ्याव्यात." जरा थांबून तो म्हणाला, "दाजी, तुमी पन."

त्या 'तुमी पन'नं घात केला. मी सबंध आयुष्य घासाघिशीत काढलंय, मला डाव लगेच कळतो. मला गाडीसकट बाहेर काढायचं, मग गाडी मंडपासमोर येणार, मी खाली उतरणार, कुणीतरी हाताला धरून पंगतीत बसवणार आणि रुसवा फुकटात मिटणार. समजावणं नाही, फेटा नाही, काही नाही. नवाच डाव काढलाय पोरानं, असं मी मनात म्हटलं, आणि सीट जरा मागे केली.

एकेक गाडी ओढ्यातून वर जाऊ लागली. सकाळचा जीपवालाही गेला. जाताना त्यानं माझी काच वाजवली, हातानं वर चला असं केलं. यालाही सामील करून घेतलंय, असं मला वाटलं. मी त्याला हात हलवून निरोप दिला. सगळा ओढा रिकामा झाला आणि मी एकटाच राहिलो. खरं सांगतो, मला भरून आलं. मला एकट्याला हलवायला यांनी वीस-पंचवीस गाड्या हलवल्या! म्हणजे मी कोण आहे याची कल्पना होती तर घरात.

फोन वाजू लागला. बायको. कट केला. मेव्हणा. कट केला. पुन्हा बायको. रुसलेल्या माणसानं फोन उचलायचा नसतो. शेवटी फोन बंदच करून टाकला. त्या बटणाइतकं समाधान मला त्या दिवशी दुसऱ्या कशानंच दिलं नव्हतं.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर भटजींच्या मंगलाष्टका सुरू झाल्या. मला माझ्या गाण्यातून शब्द नीट कळत नव्हते. दर कडव्याच्या शेवटी फक्त 'सावधान' तेवढं ऐकू यायचं. माझ्याशिवाय लग्न लागतंय, हे ऐकून माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली की मी एसी आणखी वाढवला.

आणि मग काठावर माणसं दिसू लागली.

आधी पाच-सहा, मग पन्नास, मग सगळा मांडव. काठ माझ्या डाव्या हाताला, पुरुषभर उंच. त्यावर सगळे रांगेनं उभे राहिले आणि माझ्याकडे बघून आरडाओरडा करायला लागले. मला ऐकू काहीच येत नव्हतं, पण एक गोष्ट दिसत होती. सगळे मला मुठी दाखवत होते. लहानथोर, बायका, नवरदेवाकडचे, ज्यांची माझी ओळखही नव्हती ते सुद्धा मुठी वळून हवेत नाचवत होते.

नंतर मला कळलं की त्या मुठींत अक्षता होत्या. मंगलाष्टका चालू असताना हातातल्या अक्षता कोण टाकणार? म्हणून मला बोलवायला आले तेही मूठ मिटूनच आले. पण गाडीत बसलेल्या माणसाला हे कसं कळावं? दोनशे माणसं मला मारायला आली आहेत, असंच मला दिसलं. मग मीही मूठ दाखवली.

एवढ्यात गर्दीतून सासरे पुढे आले आणि त्यांनी हात जोडले.

मी गाणी बंद केली. सासऱ्यांनी हात जोडले म्हणजे तिसरी फेरी. मेव्हण्याची मधली फेरी राहिली होती, पण ते मी सोडून दिलं. आता बोलणी करायची वेळ होती. मी डोक्याभोवती बोट गोल गोल फिरवून विचारलं, फेटा? काठावरून मेव्हण्यानं जोरजोरात मान हलवली. मला वाटलं, कबूल. (तो आता सांगतो, "मला वाटलं तुमी सोताच सांगताय, माझं डोकं फिरलंय. मी म्हनलं, व्हय, फिरलंय.") मग मी गळ्यापासून पोटापर्यंत हात नेऊन दाखवलं, हारही पाहिजे. त्यानं पुन्हा मान हलवली, आणि हातानं वर, वर, असं केलं. म्हणजे मोठा हार. मी मनातल्या मनात नारळही मागून घ्यायचं ठरवत होतो, तेवढ्यात गाडी हलली.

हँडब्रेक ओढलेला होता. मला वाटलं मागून ढकलतायत. मी ओरडलो, "ए! गाडीला हात लावू नका!" आणि मागे वळून बघितलं.

मागे कुणी नव्हतं. मागच्या हौद्याच्या फळ्यांना चहाच्या रंगाचं पाणी लागलं होतं. त्यात लाकडं होती, पत्रावळ्या होत्या, कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची होती, आणि एक अख्खं कलिंगड होतं. ते कलिंगड माझ्या खिडकीपाशी आलं, जरा थांबलं आणि मला ओव्हरटेक करून पुढे गेलं.

मग माझी चप्पल पायातून सुटून आपोआप वर आली.

आता इथं मी गंमत बाजूला ठेवतो. ओढ्याचं पाणी नळासारखं हळूहळू भरत नाही. मी आरशात डोकं बघत होतो तेव्हा ते घोट्याएवढं असेल. मी हार मागत होतो तेव्हा गुडघ्याएवढं झालं. आणि मी दार उघडायला गेलो तेव्हा दार उघडेना. खांदा लावला, लाथ मारली, तरी दार हलेना. बाहेरून पाणी दाबत होतं, आणि पाण्याशी घासाघीस होत नाही. ते उठून चार पावलं जात नाही, वळून बघत नाही. पाण्याखालून एक आवाज येत होता. दगड दगडावर आपटत वाहत होते. तो आवाज अजून मला कधीकधी जेवताना ऐकू येतो आणि घास तसाच राहतो.

पिकअप घेताना विकणारा मला बटणाच्या काचा बसवून देतो म्हणत होता. मी म्हटलं होतं, "नको. हात आहेत मला." त्या हातानं फिरवायच्या हँडलनं मी काच खाली केली, खिडकीतून बाहेर आलो, हौद्यात आणि तिथून टपावर चढलो. गाडी अर्धी गिरकी घेऊन करंजाच्या बुंध्याला अडकली. आता मला सगळं ऐकू यायला लागलं. बायको काठ उतरून गुडघाभर पाण्यात आली होती आणि दोघी जणी तिला पदराला धरून मागे ओढत होत्या. ती मला हाक मारत होती. 'अहो' म्हणून नाही, नावानं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, उखाणा सोडून.

दोर कुठेच मिळेना. होते तेवढे मंडपाला बांधलेले. एकानं त्यातला एक सोडला तर मंडपाचा तो कोपरा खाली बसला आणि आतून भटजी ओरडले. तेवढ्यात फेटेवाला कापडांचा गठ्ठा घेऊन पळत आला. त्यानं एकाला एक असे तीन फेटे गाठी मारून जोडले, टोकाला नारळ बांधला आणि फेकला. पहिला नेम चुकला. दुसऱ्या वेळी नारळ टपावर येऊन आदळला.

"पाव्हनं, धरा!" सासरे ओरडले. "फेटा धरा!"

माझ्या पायाखाली टप थरथरत होता. तरीही मी ओरडलो, "आता द्यायचं सुचलं व्हय?"

"दाजी, भांडान काठावर येऊन करा!" मेव्हणा.

"आधी यादीत नाव लिव्हा!"

"लिवलं, लिवलं!" सासऱ्यांचा आवाज फाटला होता. "पयलं लिवलं! आता धरा, माझ्या बापा!"

मी फेटा कमरेला बांधला आणि उडी मारली. काठावर पंधरा-वीस जणांनी दुसरं टोक धरलं, आणि धरायचं म्हणून सगळ्यांना मुठी उघडाव्या लागल्या. बरोबर त्याच वेळी लाउडस्पीकरवर शेवटचं 'सावधान' झालं. मी काठावर आलो तो तोंडाला, मिशीला, कानात सगळीकडे अक्षता चिकटलेल्या. मांडवात नवरानवरीवर अक्षता टाकायला भटजी आणि अंतरपाट धरणारे दोघे एवढेच उरले होते. घोडी होती, पण तिला हात नाहीत. धाकटी अजून म्हणते, "माझ्या लग्नाच्या अक्षता दाजींच्या अंगावर पडल्या." तिचं गाऱ्हाणं खरं आहे. पण ते वेगळं, माझं वेगळं.

मंडपावर त्या दिवशी एक थेंब पडला नाही. शेवटची पंगत उठायच्या आत ओढा उतरला. फक्त चिखल उरला आणि गाडीच्या कप्प्यात एक खेकडा.

मी ओल्या कपड्यांत बसलो होतो तेव्हा फेटेवाला समोर येऊन उभा राहिला. "ते कापड सोडा. भाड्याचं हाय."

"हा माझ्या मानाचा फेटा हाय."

"मान कमरंला कुनी बांधतं का?"

"मग डोक्याला बांधून दे."

त्यानं प्रयत्न केला. पण ओल्या गाठी सुटेनात, आणि तीन फेट्यांचा एकच फेटा माझ्या डोक्यावर मावेना. शेवटी कंटाळून तो कापड मला ठेवून गेला. ते आमच्या कपाटात आहे, गाठींसकट. बायको म्हणते, "सगळ्या मांडवात एकेकाला एकेक. तुमाला तीन. अजून काय पायजे?" धंदेवाला म्हणून मला या हिशोबावर उत्तर सापडत नाही. पण फेकला तो फेकला.

या उन्हाळ्यात मेव्हण्याचं लग्न झालं. त्या दिवशी चहाच्या आधी फेटेवाला माझ्या दारात हजर. यादीत पहिलं नाव माझं, त्याखाली रेघ मारलेली. मी म्हटलं, फेटा बांधून घेतो, पण एक अट आहे. ओढ्यात एकही गाडी लागणार नाही. सासरे म्हणाले, "वावर नांगरलंय, गाड्या लावायच्या कुटं?" मी म्हटलं, "डोक्यावर लावा." शेवटी वावरातच लागल्या.

आणि मी दिवसभर गुलाबी फेटा घालून ओढ्याच्या वाटेवर उभा राहिलो. पुण्याहून आलेला एक पोरगा पांढऱ्या गाडीची काच खाली करून म्हणाला, "काका, स्काय एकदम क्लिअर आहे. ॲपवर पण रेन नाहीये."

"मागं डोंगर बघ."

"तो तर किती लांब आहे!"

"तेच म्हनतोय मी. तुला हितं बसून दिसनार न्हाई. गाडी फिरव."

"पाचच मिनिटं लावतो, प्लीज."

"दोन मिनिटं पन न्हाई."

मी आयुष्यभर सगळ्यांना थोडं कमी-जास्त करून दिलं. त्या वाटेवर कुणाला इंचभर दिलं नाही.

ओढा दिवसभर कोरडा ठाक राहिला. मेव्हणा नवरदेवाच्या वेषात येऊन हसून गेला, "दाजी, तुमाला बघून वढाच भेला." पंगती बसल्या. मला जेवायला बोलवायला कुणी आलं नाही. मी काठावरच्या दगडावर बसलो, ओढ्यात नाही, आणि ठरवलं की तिघं आल्याशिवाय उठायचं नाही.

पहिल्यांदा बायको आली. "अहो, चला, जेवन गार होतंय," एवढं ती म्हणाली, आणि दूर डोंगरात काहीतरी गुरगुरलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभा होतो.

ती आता सगळ्यांना सांगते की मी पहिल्या हाकेला उठलो. मी ते दर वेळी दुरुस्त करतो. तिच्या हाकेला नाही, ढगाच्या.